आपल्याकडे शिवलेले

वळणावर वाळू होती. मोटरसायकल घसरली आणि भिंगरी दोन्ही हातांवर आपटली. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून तपासणी केंद्रात पोचवायचे, हे तिचं काम. दिवसभर पायाला भिंगरी, म्हणून घरात तिचं नावच ते पडलं होतं. नमुन्यांची पेटी शाबूत राहिली, पण उजवा हातमोजा ओल्या कागदासारखा फाटला आणि तळव्याची साल निघाली.

नर्सने जखमेतून चिमट्याने काळा पापुद्रा ओढून काढला. “कसलं चामडं घालता, ताई? प्लास्टिक आहे हे.”

भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली. हे मोजे तिने दुकानं पालथी घालून शोधले होते. तिच्या मावशीची उमर हातमोज्यांच्या कारखान्यात गेली होती. बाहेरून स्वस्त माल आला आणि कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून भिंगरीचा हट्ट होता, घालेन तर आपल्याकडे शिवलेलेच. या मोज्यांच्या आत लेबल होतं : ‘अस्सल चामडं, देशी बनावट’.

हाताला पट्टी बांधलेली असतानाच ती दुकानात गेली आणि फाटका मोजा काउंटरवर आपटला.

“बाई, वॉरंटी शिवणीची असते, पडण्याची नसते,” दुकानदार म्हणाला.

“पैसे नकोत मला. हे कुणी शिवले ते सांगा.”

“आमचे कारागीर आहेत ना.”

“कुठे आहेत?”

त्याची नजर नकळत मागच्या पडद्याकडे गेली. तो आडवा यायच्या आत भिंगरी पडदा सारून आत शिरली.

आत परक्या लिपीतले छाप असलेली खोकी छताला भिडली होती. दिव्याखाली एक बाई मोज्यातलं जुनं लेबल उसवून नवं शिवत होती. ती मावशी होती.

मावशीने आधी पट्टी पाहिली. “अगं, हाताला काय झालं?”

“तू शिवलेलं लेबल झालं! घरी तर दुसऱ्यांकडे पडदे शिवायला जाते म्हणून सांगितलंस.”

“ओरडू नकोस.” मावशीचाही आवाज चढला. “कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही फाटकाशी धरणं धरून बसलो होतो. तुम्ही सगळे हळहळलात आणि बाजारात जाऊन स्वस्तातलेच मोजे आणलेत. तुझ्या बापानेसुद्धा!”

“म्हणून लोकांचे हात सोलायचे?”

“मला वाटलं, लोक थंडीपुरते घालतात.”

“मोटरसायकलचे मोजे ओळखता येत नाहीत? तुला?”

मावशीने हातातला मोजा खाली ठेवला.

पडद्यातून दुकानदाराने डोकं घातलं. “घरची भांडणं घरी करा. मावशी, एवढा ढीग आज संपायला हवा.”

“मला मावशी म्हणू नका,” ती म्हणाली आणि उठली. मूठभर लेबलं घेऊन ती थेट काउंटरपाशी गेली. तिथे एक गिऱ्हाईक मोजे घालून बोटं वाकवून बघत होतं.

“काढा ते,” मावशी म्हणाली. “प्लास्टिक आहे. देशी फक्त लेबल आहे आणि ते मी शिवलंय. माझ्या भाचीचा हात बघा.”

गिऱ्हाइकाने चटका बसल्यासारखे मोजे काढले. “मग खरे कुठे मिळतात?”

मावशीच्या ओळखीचं कुणीच आता मोजे शिवत नव्हतं.

“उद्यापासून तोंड दाखवू नका!” दुकानदार ओरडला.

“उद्या कशाला? आत्ताच निघाले.”

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मधेच मावशी अचानक उतरली, म्हणून भिंगरीही उतरली. चामड्याच्या दुकानात मावशीने तुकडे ताणून, वास घेऊन, दुकानदाराशी घासाघीस करून एक निवडला. घरी येऊन तिने शिलाई मशीनवरचा टीव्ही उतरवला. कारखाना बंद पडल्यापासून त्या मशीनवर टीव्हीच बसला होता.

“डावा हात ठेव,” कागद पसरून ती म्हणाली. “उजव्याची सूज उतरल्यावर बघू.”

“एवढ्याने भागलं असं समजू नकोस, मावशी.”

“नाही समजत. माफी मागायचीय मला तुझी. पण आज रागाने जीभच वळत नाहीये.”

“माझाही राग गेलेला नाही.”

“मग गप बस आणि बोटं पसर,” मावशी म्हणाली आणि भिंगरीच्या अंगठ्याभोवती पेन्सिल फिरवू लागली.