कुरकुरणारी बिजागरी

मी एक जुनी बिजागरी आहे. मित्रांनो, फाटकं तुम्ही रोज उघडता, पण आमच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पाहिलंच, तर आम्ही कुरकुरलो म्हणून.

लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मालकाने तापलेली पट्टी ऐरणीवर ठोकून वळवली, तिच्यात खीळ घातली आणि स्वतःच्याच घराच्या फाटकाला मला बसवलं. वर माझी जुळी बहीण, खाली मी. मालकाची दोन मुलं, दादा आणि धाकटी, त्या फाटकावर चढून झोके घ्यायची. सगळा भार माझ्यावर. आई दटावायची, "फाटक आहे ते, पाळणा नव्हे." मला मात्र मजा वाटायची. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. आता लोखंडाला रक्त कसलं म्हणा, गंजच तो!

संध्याकाळी मालक, म्हणजे मुलांचे बाबा, फाटक ढकलायचे, तेव्हा मी आधी बारीक आणि मग जाड आवाजात लांबलचक कुरकुरायचे. तो आवाज कानी पडला की धाकटी हातातलं टाकून पळत सुटायची. फाटकवाल्याच्याच घरचं फाटक कुरकुरतं, असं शेजारी चिडवायचे. बाबा हसायचे आणि तेल द्यायचं राहून जायचं.

पुढे बाबा गेले. कारखाना दादाकडे आला. त्याने घराला नवं सरकतं फाटक बसवलं आणि जुनं भंगारात काढलं. माझी जुळी बहीण कुठे गेली, मला आजवर कळलेलं नाही. मी कारखान्यामागच्या ढिगाखाली दबले. ना उघडणं, ना मिटणं. पडून पडून जीव नुसता आंबून गेला.

त्याच ढिगावर धाकटी तिचं पोट आणि हौस दोन्ही भागवायची. ती भंगारातून पानं, नाकतोडे, पाखरं घडवायची आणि विकायची. दादा म्हणायचा, लोक घरातलं भंगार बाहेर काढतात, आमची बाई बाहेरचं घरात आणते. पण एखादा वाकडा, छानसा तुकडा दिसला, की दादाच तो गुपचूप तिच्या ढिगावर ठेवायचा.

एके दिवशी मी तिच्या हाती लागले. तिने मला उघडलं, मिटलं. होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी कुरकुरले. ती जागच्या जागी थांबली.

मग तिने एक टिटवी केली. फुटक्या फावड्याचं अंग, सायकलच्या साखळीची मान, सळयांचे पाय. उजवा पंख माझ्यावर टांगला. वारा आला की पंख हलायचा आणि मी बोलायचे. ती एका बागेसाठी होती; सकाळी तिथली माणसं तिला न्यायला येणार होती.

आदल्या दुपारी धाकटी बाहेर गेली होती. वारा सुटला होता. माझ्या कुरकुरीला तर खंडच नव्हता. दादा शेजारी फाटक जोडत होता. ज्याच्या पक्क्या जोडाची लोक खात्री देत, त्याच्या कारखान्यातून कुरकुरता माल बाहेर पडावा? त्याने तेल दिलं. मी ऐकेना. मग त्याने सरळ वेल्डिंग मारलं आणि माझी वाचाच बसली. ढिगाखाली निदान हलायची आशा होती.

धाकटी परतली. तिने पंखाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

"मी. फुकट केलंय. आभार सावकाश मान."

"मोडलं नव्हतं ते, दादा."

"कुरकुरत होतं."

"बाबा आले की असंच कुरकुरायचं."

दादा खाली वाकला. त्याने अंगठ्याने काजळी पुसली. माझ्या अंगावर बाबांच्या हातोड्याचे घाव होते, ते त्याने बोटाने चाचपले. मग त्याने ग्राइंडर उचलला. स्वतःचा जोड त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तोडला. ठिणग्या उडाल्या, माझी एक कड छाटली गेली. गेली तर गेली!

त्याने पंख हळूच ढकलला. माझा घसा बसला होता, पण आवाज फुटला. त्याने पुन्हा ढकलला.

"धाकटे," तो म्हणाला, "चहा टाक. बाबा आलेत."

आता मी बागेत असते. वारा मला बसू देत नाही आणि मलाही बसायचं नाही. मित्रांनो, कोणी कुरकुरलं तर तेलाचा थेंब जरूर द्या. पण जखडून टाकण्याआधी एवढं विचारा, की हे मोडलंय की बोलतंय?