तिने मागितलेली प्रार्थना

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा माझ्या हातात बायकोचीच प्लेट होती. डावीकडची कड तिला टोचत होती म्हणून आदल्या संध्याकाळी मी ती घासायला लॅबमध्ये आणली होती. मशीनच्या आवाजात मला फोन ऐकू आला नाही. मेणबुवाने उचलला. मेणबुवा माझा भागीदार. मेणाचं सगळं काम तो करतो म्हणून हे नाव. एरवी फोनवरही थट्टा करणारा माणूस, पण नुसता "हो, सांगतो" म्हणाला आणि त्याने येऊन माझ्या मशीनचं बटण बंद केलं. ती गेली हे मला कळलं. कडेचं पॉलिश राहिलं होतं. मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि ते पुरं केलं.

आम्ही दोघं कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही दात, हिरड्या, टाळू करून देतो. माझ्या बायकोला टाळूचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये अर्धी टाळू काढली आणि तोंडाच्या छताला भोक पडलं. ते बुजवणारी प्लेट मी बनवली. ती बसवली की तिला जेवता यायचं, बोलता यायचं. काढली की पाणी नाकातून बाहेर आणि शब्दांचं नुसतं हं-हं. जखम बदलली की प्लेटही बदलायला लागायची. आणि त्या भोकाला वास यायचा. हे लिहितो, कारण आता तिच्याबद्दल बोलताना सगळे वास तेवढा गाळतात.

ती देवाला मानणारी होती. मी ना धड आस्तिक, ना धड नास्तिक. ती प्रार्थनेला बसली की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो, एवढाच माझा धर्म. पण ऑपरेशननंतर ती एक विचित्र गोष्ट करायला लागली. प्रार्थनेआधी प्लेट काढून वाटीत ठेवायची. पहिल्यांदा मला वाटलं टोचतेय. "कुठली बाजू?" मी विचारलं. तिने हाताने गप्प बसवलं. हं-हं करत सगळी प्रार्थना म्हटली, चूळ भरली, प्लेट बसवली आणि मग म्हणाली, "त्याच्यासमोर त्याने ठेवलंय तसंच तोंड घेऊन जायचं. तुमचं काम माणसांसाठी."

"आणि त्याला कळतं का तू काय म्हणतेस? मला तर एक अक्षर कळलं नाही."

"तुम्हाला कुठे म्हणत होते मी?" म्हणाली आणि हसली. हसली तशी प्लेट जरा हलली, म्हणून मी ती पुन्हा घासायला घेतली.

मला राग यायचा. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांचा एक नियम होता. कवळी परत आली तर पेशंटला कधीही म्हणायचं नाही की तुझा जबडा वाकडा आहे. तोंड आहे तसं आहे. खोट आपल्या कामात, घासायचं आपण. आम्ही आजही असंच करतो. लोक शिव्या देतात, टेबलावर कवळी आपटतात, आम्ही "बघू, आणा इकडे" म्हणतो. आणि इथे ज्याने मूळ टाळू बनवली म्हणतात, त्याच्याकडे माल परत घ्यायची सोयच नाही. वर हीच म्हणायची, "माझंच काहीतरी चुकलं असेल." बनवणारा बाजूलाच, दोष तोंडाचा. ते ऐकलं की मला शिसारी यायची. तिची नव्हे, त्याची. असलाच तर.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये ती म्हणाली, "एक मागते. माझ्यासाठी एकदा प्रार्थना करा."

"करतो की."

"'करतो की' अशी नको. मनापासून. समोर कोणीतरी ऐकतंय असं मानून. नुसते ओठ हलवलेत तर मला कळेल. आयुष्यभर तोंडंच बघत आलेय मी तुमच्यामुळे."

मी हो म्हणालो. तेव्हा वाटलं होतं, बाई घरी येऊ दे, मग बघू.

फोननंतर मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा मुलगी उशाशी होती आणि बायकोची मोठी बहीण, म्हणजे ताई, खिडकीशी. बायकोचा डावा गाल आत गेला होता, ओठ वाकडा झाला होता. एखाद्या अनोळखी म्हातारीला कोणीतरी तिच्या पलंगावर आणून झोपवल्यासारखं वाटलं. मी दोघींना जरा बाहेर जायला सांगितलं, नर्सला विचारलं आणि प्लेट बसवली. गाल भरला. ओठ जागेवर आला. मग मी खाली बसलो.

ताई आत आल्या आणि त्यांनी हात जोडले. "भावोजी, बघा किती शांत दिसतेय. त्याने अलगद उचलून घेतलं हो माझ्या बहिणीला."

"तोंडात प्लेट आहे, ताई."

"काय?"

"प्लेट बसवली म्हणून तशी दिसतेय. उचलणाऱ्याने अर्धा चेहरा इथेच टाकला होता."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या अंगावर थुंकलो. एवढं बोलायला नको होतं. पण मला आवरलं नाही.

मुलगा परगावी होता, तो पोचेपर्यंत तिला हॉस्पिटलच्या थंड खोलीत ठेवायचं ठरलं. मी घरी आलो तर घर माणसांनी भरलेलं. आमची बाहेरची खोली लहान. लोक दारात चपला काढायचे, आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकायचे आणि प्रत्येकाच्या तोंडून तेच यायचं. चांगली माणसं त्याला आधी लागतात. तो आपल्याच माणसांची परीक्षा घेतो. त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला काय कळणार. नासलेल्या दुधात साखर घालून मला कोणी घोट घोट पाजतंय असं वाटत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "चांगल्यांनाच नेतो हो तो."

"मग तुम्ही जरा वाईट वागा," मी म्हणालो. "तुमची मुलं लहान आहेत."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं. त्या बाई चपला घालून गेल्या. मुलीने स्वयंपाकघरातून माझ्याकडे डोळे वटारले.

मेणबुवाने मला जिन्यात नेलं. त्याला वाटलं, मी त्याच्या पक्षात आलो. "सोड रे," तो म्हणाला. "वर कोणी नाही की खाली कोणी नाही. पेशी बिघडल्या, भोक पडलं, माणूस गेला. विषय संपला. मी तुला किती वर्षं सांगतोय?" शेवटचं वाक्य म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर पैज जिंकल्याचं सुख होतं. माझी बायको मेली आणि हा जिंकला. मला त्याचीही तितकीच किळस आली. आत देवाचे वकील, बाहेर हा. मधे मी जिन्यात, आणि संडासात तिच्या गुळण्यांची बाटली अर्धी भरलेली.

"विषय संपला तर मग तू बोलतोस कशाला?" मी म्हणालो. माणूस वाईट नाही. त्यानेच नंतर सगळ्यांना चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा पोचला. निघायची तयारी झाली तेव्हा मुलीने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"बाबा, आईच्या तोंडात प्लेट आहे?"

"आहे."

"काढा."

"का?"

"तिने मला सांगितलं होतं. जाताना तोंडात काही नको. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुम्हाला बोलली नाही. ती गेली तेव्हा नव्हती तोंडात. मला बरं वाटलं होतं, निदान एवढं तरी तिच्या मनासारखं झालं. आणि तुम्ही आलात आणि बसवलीत."

मी म्हणालो, "चेहरा बसलाय तिचा. माणसं येणार बघायला."

"माणसांसाठी?"

"माझ्यासाठी."

ती पलंगावर बसली. आईसारखीच बसते, पाय वर घेऊन. "तुमच्या मते पुढे कोणीच नाही ना? मग ती प्लेट घालून गेली काय, काढून गेली काय. तुमचं काय जातंय?"

"आणि तुझ्या मते कोणीतरी आहे, तर त्याला एक प्लेट काढता येणार नाही? टाळू बनवता आली, म्हणे."

"झालं? तुमचं आणि त्याचं भांडण झालं का? एकाच तोंडावरून भांडताय दोघं. ती मेली तरी."

असं म्हणून ती रडायला लागली. काल दिवसभर रडली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला. मग मी उठलो.

थंड खोलीतला माणूस माझ्याहून पुष्कळ तरुण होता. त्याने ट्रॉली बाहेर ओढून दिली. मी हातमोजे मागितले, ते त्याने दिले. जबडा ताठ झाला होता. एरवी ही प्लेट काढायला मागच्या कडेखाली बोट घालून खाली ओढलं की पुरायचं. त्या दिवशी बोटच आत जाईना. मी दोन्ही अंगठे लावले. त्या माणसाला माझी दया आली असावी.

"काका, राहू द्या ना," तो म्हणाला. "कोण बघतंय?"

एवढी माणसं कालपासून माझ्या घरी येऊन जे सांगत होती, त्या सगळ्यावरचा प्रश्न त्याने एका दमात विचारला. आणि तो काही उत्तराची वाट बघत नव्हता, त्याला फक्त ट्रॉली परत आत ढकलायची होती.

"बहुतेक कोणी नाही," मी म्हणालो. "पण तिला नको होती."

त्याने हनुवटी धरली आणि मी प्लेट काढली. वास आला. थंडीतही आला. गाल आत गेला, ओठ पुन्हा वाकडा झाला. मी त्या भोकात बघितलं. बल्बचा उजेड थेट आत पडत होता. मनात आलं, समोर ती आहे, तिच्या मनासारखं आत्ताच काहीतरी केलंय, आत्ताच ते प्रार्थनेचंही उरकून टाकू. मी डोळे मिटले. समोर कोणीतरी ऐकतंय असं मानायचा प्रयत्न केला. तोंडातून जे निघालं ते असं होतं: "हे काय काम आहे? मी असलं काम करून पाठवलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं कोणी." पुढेही बोललो. ते इथे लिहीत नाही. तो माणूस भिंतीकडे बघत उभा राहिला.

ही प्रार्थना नव्हती. तिने मागितली ती ही नव्हती.

मुलीला मी प्लेट दाखवली. ती गाडीत माझ्या शेजारी बसली. सगळं आटोपल्यावर मी ताईंना थंड खोलीतलं सांगितलं, कारण सकाळपासून त्या एकट्याच माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मला ते खुपत होतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बघा भावोजी! रागावलात म्हणजे तो आहे म्हणूनच रागावलात. नसलेल्यावर कोणी रागावतं का?"

"लिफ्ट बंद पडली की मी लिफ्टवर रागावतो, ताई. म्हणून तिला कान येतात का?"

"तुमच्या तोंडाला लागणं म्हणजे..." त्या म्हणाल्या आणि कपाळावर हात मारला. पण माझ्याशी बोलायला लागल्या.

त्यानंतर मुलीने मला पुन्हा एकदा विचारलं, "आईची प्रार्थना?"

"नाही झाली."

"म्हणून टाका ना, बाबा. शब्द मी देते. कोणाला कळतंय?"

"तिला कळेल असं ती म्हणाली होती."

"म्हणजे ती कुठेतरी आहे असं मानता तुम्ही?"

"तसं नाही. मला कळेल."

मी तिच्या प्रार्थनागृहातही जाऊन आलो. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी, कोणी नसताना. मागच्या बाकावर बसलो. मनात म्हटलं, त्याच्यासाठी नको, हिच्यासाठी मान. घटकाभर मान. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "पाय वर घ्या." घेतले. त्या बाकाखालून पुसून पुढे गेल्या. मी पाय वर घेऊन तसाच बसून राहिलो. डोळे मिटले की ते भोक दिसतं, आणि ते बनवणाऱ्याशी गोड बोलायला जीभ उचलत नाही. तो नसेल तर मी रिकाम्या खोलीत बोलणार. असेल तर ज्याच्याशी बोलायचं त्याची मला किळस येते. दोन्हीकडून मनापासून होत नाही, आणि नुसते ओठ हलवायचे नाहीत असं तिने आधीच बजावून ठेवलंय.

मी तिला हो म्हणालो होतो. प्रार्थना अजून केलेली नाही.