दोन इंच माया

शब्द: रंगप्रवेश

┃ भरतनाट्यमचे वेश.
┃ रंगप्रवेशासाठी खास.
┃ मल्लेश्वरम, बेंगळूर.

ही जाहिरात. मूळ इंग्रजीत. वाचायला तुम्हाला जितका वेळ लागला, जवळजवळ तितकाच हर्षला ती लिहायला लागला.

जाहिरात संयोगिताबाईंच्या दुकानाची. नवरा गेल्यापासून दुकान त्याच चालवतात. घर मराठी, पण इथं इतक्या पिढ्या काढलेलं की हिशेब कानडीत होतो आणि भांडण मराठीत. दुकानाची अर्धी मालकी धाकट्या दिराची, फत्तेसिंगांची. अलीकडे नाचणाऱ्या मुली वेश भाड्यानं आणू लागल्या होत्या. शिवायची मशिनं दुपारची गप्प बसत. आणि फत्तेसिंगांना जागेसाठी एक कॉम्प्युटर क्लासवाला भेटला होता.

"वहिनी, दसऱ्यापर्यंत थांबतो. तुमच्या त्या इंटरनेटवरून एक तरी काम येऊ दे. एक! नाही आलं, तर मशिनं घरी न्यायची."

"सरी, चालेल," संयोगिताबाई म्हणाल्या.

एवढंच ठरलं होतं. तोंडी.

हर्ष वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मूळ पुण्याचा, नोकरी इंदिरानगरात. त्यानं समजावून सांगितलं ते असं: अमेरिकेत इंटरनेटवर एक शोधायची जागा निघाली आहे, तिथं शब्द लिलावात मिळतात. आपण एका शब्दावर बोली लावायची. कुणी तो शब्द टाइप केला की आपली ओळ दिसते. ओळीवर क्लिक केलं तरच आपले पैसे कापतात. पैसे त्याच्या सॅन होजेच्या मित्रानं भरले होते, थोडेसेच.

"तर काकू, शब्द कुठला घेऊ?"

"मुलगी पहिल्यांदा स्टेजवर एकटी नाचते त्याला काय म्हणतात? रंगप्रवेश. दुसरं काय म्हणणार?"

त्या शब्दावर दुसऱ्या कुणाचीच बोली नव्हती. हर्ष खूश झाला. सगळ्यात वर आपण, तेही फुकटासारखं!

आलेली माणसं:



(वरची जागा छापायची राहिलेली नाही.)

"ज्या गल्लीत कुणी फिरकत नाही तिथं भाडं कमीच असतं," फत्तेसिंग म्हणाले. त्यांचा दुसरा राग फोनवर होता. इंटरनेट दुकानाच्या लाइनवरून चालायचं, म्हणून ते बसवनगुडीहून फोन लावत तेव्हा तो एंगेजच असायचा. मग त्यांना स्वतः यावं लागे. आल्यावर कॉफी लागे.


शब्द: अरंगेत्रम्

हर्षच्या ऑफिसातल्या एकाची बहीण न्यू जर्सीत नाच शिकवत होती. तिच्याकडून कळलं की तिकडे सगळे अरंगेत्रम् म्हणतात. कन्नड घरांतलेसुद्धा.

संयोगिताबाईंनी कात्री थांबवली. "तो तमिळांचा शब्द. माझ्या सासऱ्यांनी बोर्डावर येऊ दिला नसता."

"बोर्ड आपलाच राहील, काकू. पण शोधताना बोट त्यांचं."

घागऱ्याची एक कळी त्यांनी कापली, मग दुसरी. मग म्हणाल्या, "समोरचा शेट्टी घागऱ्याला लंगा म्हणतो, तर त्याच्याशी बोलताना मीही लंगाच म्हणते. घे तो शब्द."

या शब्दावर गर्दी होती. चेन्नईची दोन दुकानं वर बसलेली. हर्ष तिसऱ्या जागेवर थांबला. वर चढायला गेलं तर पैसे आठवड्यात संपले असते.

"तिसरे असू तर ओळ वेगळी पाहिजे. आपल्यात वेगळं काय आहे?"

संयोगिताबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांतूनच त्या म्हणाल्या, "दोन इंच माया सोडते मी. बाकीचे सोडत नाहीत."

हर्षला हे इतकं आवडलं की तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

┃ अरंगेत्रम् वेश, बेंगळूरहून.
┃ प्रत्येक शिवणीत
┃ दोन इंच प्रेम.

माणसं आली. भराभर आली. चेन्नईच्या वरच्या दुकानांकडेही इतकी जात नसतील. मेलही आले. एकानं विचारलं, उशांवर नावं विणून मिळतील का? एका बाईंना लग्नपत्रिकेसाठी असंच एखादं वाक्य हवं होतं. एक मेल नुसता: किती गोड!

मापं कुणीच पाठवली नाहीत. भरलेले पैसे निम्म्याहून खाली आले.

"लिहिलंयस तरी काय?" संयोगिताबाईंनी विचारलं. हर्षनं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी एकदा वाचलं, आणि कात्री खाली ठेवली, कारण हसताना कात्री हातात ठेवू नये.

"अरे पुणेकरा! माया म्हणजे हे." त्यांनी टेबलावरची चोळी उलटी केली. शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड बोटानं दाखवलं. "वेश आधी शिवून होतो, कार्यक्रम नंतर. मधे पोरगी वाढते. ही शिवण उसवायची, बाहेरून घालायची, की वेश बसला. याला माया म्हणतात."

"माझी आई शिवत नाही," हर्ष म्हणाला.

"दिसतंय."

"पण काकू, ओळ आवडली लोकांना."

"दुकानात नुसतं बघून जाणाऱ्याचे आपण पैसे भरतो का? इथं भरतोय. ज्याला नको तो दाराबाहेरच राहील असं लिही."

हर्ष गंभीर झाला. हे त्याला सुचायला हवं होतं. त्याच्या आणखी एक लक्षात आलं. क्लिक करणाऱ्याला दुकानाच्या वेबसाइटवर आधी गणपती दिसत होता, मग दुकानाचा इतिहास, मग सासऱ्यांचा फोटो. मापं कशी पाठवायची ते चौथ्या पानावर होतं. त्यानं दार थेट चौथ्या पानावर उघडलं. सासऱ्यांचा फोटो काढला नाही, मागे सरकवला.


शब्द: तोच

┃ अरंगेत्रम् वेश, मापानं शिवून.
┃ शिवणीत दोन इंच जादा कापड:
┃ मुलगी वाढली तरी बसेल.
┃ भाड्यानं देत नाही.

आता कुणी गोड म्हणेना. दिवसच्या दिवस कुणी येईना. घट बसले. क्लासवाला टेप घेऊन आला आणि भिंती मोजून गेला.

फोन एंगेज लागला म्हणून फत्तेसिंग आले, ती ललितापंचमीची सकाळ. कॉफी पिऊन ते जिन्याच्या पायथ्याशी उभे असतानाच हर्ष वरून उतरला. हातात छापलेला कागद.

रम्या नावाच्या बाई. गाव क्लीव्हलंड. मुलगी तेरा वर्षांची, वर्षात चार बोटं उंच झालेली, कार्यक्रम उन्हाळ्यात. आतापर्यंतच्या प्रत्येक दुकानानं मुलीला आणून दाखवा म्हणून सांगितलं होतं. खाली मापं, पूर्ण. त्याखाली: सासूबाई म्हणतात, पत्रिकेवर रंगप्रवेश असंच छापायचं.

शेवटची ओळ संयोगिताबाईंनी दोनदा वाचली.

"एकच ना पण?" फत्तेसिंग म्हणाले.

"भावोजी, ठरलं किती होतं?"

फत्तेसिंगांनी कॉफीचा पेला उचलला. रिकामा होता, तरी ओठाला लावला. "एक," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या क्लासवाल्याला फोन करायचाय. लाइन स्वल्प मोकळी करा."

"आधी उत्तर जाऊ दे," संयोगिताबाई म्हणाल्या. "हर्ष, लिही. कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप उभं राहून घेतलेलं दिसतंय. ते चालणार नाही. मुलीला अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसवा, आणि परत घ्या. बाकी काळजी करू नका, माया आम्ही सोडू."

हर्षचा पेन थांबला. "माया कसं लिहू?"

"कापड लिही," त्या म्हणाल्या.