अवघड शीर

"ही सुई कुणी लावली?"

मुलांच्या वॉर्डच्या दारातूनच कौशल्या सिस्टरने विचारलं. खाटेवरच्या बाळाच्या मनगटावर चिकटपट्टी नीट बसली होती, सलाईन थेंब थेंब चालू होतं आणि बाळ आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

"मीच लावली सिस्टर," पिंकी म्हणाली. तिला नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते.

"कितव्या खेपेला?"

"पहिल्याच की!"

"बरं झालं," असं म्हणून कौशल्या जिना उतरली. बरं कसलं! तिच्या पोटात दुखायला लागलं होतं.

चाकणच्या कंपन्यांच्या रस्त्यावरचं हे पन्नास खाटांचं हॉस्पिटल. इथे कौशल्याची बावीस वर्षं गेली. शिक्षण कमी, त्यामुळे मागून आलेल्या पदवीवाल्या मुली इन्चार्ज झाल्या आणि ही होती तिथेच राहिली. एक गोष्ट मात्र तिच्याकडून कुणाला घेता आली नव्हती. जुलाबाने सुकलेलं बाळ असो नाहीतर हाडांवर कातडं उरलेली म्हातारी, शीर सापडेना झाली की डॉक्टरसुद्धा हात टेकायचे आणि म्हणायचे, "कौशल्या सिस्टरला फोन लावा." ती यायची, "गर्दी करू नका, बाहेर व्हा," म्हणून सगळ्यांना पिटाळायची, पडदा ओढायची आणि दोन मिनिटांत सुई लावून मोकळी व्हायची. पडद्याआड ती नेमकं काय करते, हे तिने एकाही मुलीला बघू दिलं नव्हतं. का द्यावं? तिला कुणी शिकवलं होतं?

आणि गेले दहा दिवस तिला एकही फोन आला नव्हता.

त्यामागे कोण आहे ते दुपारी कळलं. जेवणाच्या सुट्टीत ती ड्रेसिंग रूममध्ये डोकावली, तर वॉर्डातली नर्स स्वरूपा स्टुलावर डावी बाही वर करून बसलेली आणि नव्या मुलींपैकी करिष्मा तिच्या हाताशी सुई घेऊन वाकलेली.

"घाबरतेस काय अगं? सरकली ना शीर? मग दुसरी सुई घे आणि परत बघ. मी काही मरत नाही," स्वरूपा हसत म्हणत होती. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला होता.

स्वरूपा अशीच. कुणाची ड्युटी अडली की ही उभी, कुणाच्या पोराची फी राहिली की हिची पर्स उघडी. कसब म्हणाल तर कौशल्याच्या निम्मंही नाही. पण जे होतं ते ही बाई वाटत सुटली होती, आणि सगळ्या पोरी 'स्वरूपाताई, स्वरूपाताई' करत तिच्या मागे. कौशल्याचा नुसता जळफळाट झाला. एकमेकींना सुया टोचायच्या नाहीत, असा हॉस्पिटलचा नियमच होता. मेट्रनच्या कानावर घातलं की सगळं बंद.

ती तडक मेट्रनच्या केबिनमध्ये गेली. मेट्रन फोनवर बोलत होत्या. त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. फोन लांबतच गेला. अर्ध्या तासाने करिष्मा धावत आली.

"सिस्टर, चला ना! तान्हं बाळ हाय, पार सुकून गेलंय. मला शीर घावंना, स्वरूपाताईंला पण न्हाई."

स्वरूपालाही नाही! कौशल्याला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि बाळाच्या घोट्यापाशी पहिल्याच खेपेला शीर धरली.

बाहेर स्वरूपा उभी होती.

"सिस्टर, हे मला नाही येत. माझ्या शिरा पडल्या दोरीसारख्या, त्यावर शिकून पोरी अशा बाळापाशी अडकणारच. मागच्या महिन्यात तुम्ही गावाला गेला होतात ना, तेव्हा असंच एक आलं होतं. सात ठिकाणी टोचलं आम्ही. शेवटी पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं."

"वाचलं?"

"वाचलं. पण त्याची आई डोळ्यांपुढून जात नाही."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर कौशल्याला भांडता तरी आलं असतं.

"मघाशी काय काम होतं?" ती केबिनवरून जाताना मेट्रननी आतून हाक मारून विचारलं.

"काही नाही मॅडम. रजेचं विचारायचं होतं. नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कौशल्या ड्रेसिंग रूममध्ये शिरली आणि तिने कडी लावली. पोरींचे चेहरे उतरले. स्वरूपाने पटकन बाही खाली ओढली.

"ऊठ तिथून," कौशल्या म्हणाली. स्टुलावर ती स्वतः बसली आणि आपला गुबगुबीत हात तिने टेबलावर ठेवला. त्यावर एकही शीर दिसत नव्हती. "हिची शीर काय, कुणालाही सापडेल. माझी शोधा. पिंकी, ये इकडं."

पिंकीने दंडाला रबरी पट्टा बांधला आणि डोळे बारीक करून हात न्याहाळायला लागली.

"बघू नको. डोळे मिटून घे. बोट टेकव, दाबू नको. दबून परत वर येतंय असं कुठं लागतंय? घाई नाही करायची. हं, आता डोळे उघड, बोट तिथंच ठेव आणि घाल."

पहिली सुई चुकली. दुसरीही. तिसऱ्या वेळी कौशल्याने ओठ दाताखाली धरला, पण हात हलवला नाही. चौथ्या सुईत रक्ताचा थेंब वर चढला.

"मिळाली! स्वरूपाताई, बघा ना, मिळाली मला!" पिंकी नाचायचीच बाकी राहिली. स्वरूपाने तिला जवळ घेतलं, करिष्माही त्यांच्याकडे वळली, आणि तिघी एकदम बोलायला लागल्या.

कौशल्याने आपल्या हाताने पट्टा सोडला, सुई काढली आणि कापूस दाबून धरला. त्यांचं बोलणं थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने दुसऱ्या हाताची बाही वर केली.

"करिष्मा," ती म्हणाली, "आता तू."