लाजरी

मावशीनं गार पाण्यात बुडवलेली रुमालाची घडी पिळली आणि भाचीच्या मिटलेल्या डोळ्यांवर अलगद ठेवली. घडी टेकली न टेकली तोच पोरगी कळवळली.

"आई गं! वाळू आहे त्यात, मावशी."

"वाळू कुठली? आत्ता धुतलाय रुमाल."

"मग माझ्या डोळ्यांत आहे."

मावशीनं तिला खिडकीपाशी नेलं, पापणी वर करून बघायला गेली, तर उजेड पडताच पोरीनं तोंड फिरवलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डोळे लालभडक. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण कपाळ, नाक, गाल, सगळंच रापून लाल झालं होतं, दिवसभर रणरणत्या उन्हात उभी राहिल्यासारखं. आणि पोरगी तर स्पर्धेला आल्यापासून छपराखालून बाहेर पडली नव्हती! मावशीला काही म्हणता काही उमगेना.

दुपारी अंतिम फेरी होती. रायफल नेमबाजीची, पालथं पडून मारायची.

आता या पोरीचं नेमबाजीत जाणं हीच मुळात घरात थट्टेची गोष्ट. तिला सगळे भिंगरी म्हणायचे ते उगाच नाही. जेवताना पाय हलणार, अभ्यासाला बसली की खुर्ची डुगडुगणार, फोटो काढायला उभी केली की नेमकं तिचंच तोंड पुसट येणार. आणि हिनं खेळ निवडला तो सगळा न हलण्याचा. तिच्या सरांनी महिन्याभरापूर्वी तोंडावर सांगून टाकलं होतं, "डोळा तुझा चांगला आहे, हातही चांगला आहे. पण अंगात स्थिरपणा नाही. ही शेवटची संधी. या स्पर्धेत हललीस, तर पुढच्या वर्षी संघात तुझं नाव धरू नकोस." तेव्हापासून पोरीची झोप उडाली होती.

मावशी याच क्रीडासंकुलात कामाला. खेळाडूंचे कपडे बदलायचे कक्ष, न्हाणीघरं, सगळी स्वच्छता तिच्या ताब्यात. प्रेक्षकांच्या सज्जामागे तिला दोन खोल्या राहायला दिलेल्या. संकुलात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. सख्ख्या नात्यानं म्हणणारी ही एकटी. स्पर्धा इथंच आहे म्हटल्यावर धाकटी बहीण लेकीला घेऊन तिच्याकडेच उतरली होती. मावशी हरखून गेली होती. आणि आता हे असं.

"ताई, तू उगाच घाबरू नकोस," खाटेच्या कडेला बसलेली धाकटी म्हणाली. तिचा आवाज ताठ होता, म्हणजे ती स्वतः भरपूर घाबरलेली होती. "रात्रभर रडली असणार. मला ठाऊक आहे तिचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखायचं, तसं आता डोळे."

"आई, मी नाही रडले."

"मग लाल कशानं झाले?"

"मला काय माहीत!"

"रडून तोंड भाजतं का गं कुणाचं?" मावशीनं विचारलं. धाकटी आणखी चिडली.

सर आले ते दारातच उभे राहिले. आत पाऊल टाकायला बिचकत होते. त्यांना वाटलं डोळे आलेत आणि आता साऱ्या संघाला लागण होणार. त्यांच्यामागून स्पर्धेच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं, थेंब टाकले, तेव्हा कुठे पोरीला जरा डोळे उघडता आले.

"डोळे आलेले नाहीत. चिकटा नाही, काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेल्डिंग बघत उभी होतीस का कुठे?"

"नाही."

"बर्फात गेली होतीस?"

"इथं कुठला बर्फ?" धाकटी मध्येच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या, पुन्हा एकदा बॅटरी मारली. "डोळ्याला झगझगीत काही तरी लागलंय. वरची नाजूक त्वचा दुखावलीय. एकदोन दिवसांत बरं होईल, दृष्टीला धोका नाही. अंधारात पडून राहा, डोळे चोळू नकोस. पण नेम बिम आज विसर." मग सरांकडे वळून, "कशानं झालं ते कळलं तर बरं होईल. आणखी कुणाला व्हायला नको."

डॉक्टरबाई गेल्या. सर रेंगाळले. मनाला लागेल असं बोलायचं नाही, असं ठरवून माणूस बोलतो, तसं ते बोलले.

"हे बघ, खेळाडूचं असं होतं कधीकधी. मनाला नको असतं, मग शरीर काही तरी कारण काढतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

ते जाऊन बाहेरच्या पायरीवर उभे राहिले, कुणाला तरी फोन लावत. धाकटी तोंडाला पदर लावून स्वयंपाकाच्या खोलीत गेली. भिंगरीनं रुमालाखालूनच हळू विचारलं.

"मावशी, मी हे मनानंच करतेय का गं?"

मावशीनं घडी पुन्हा नीट बसवली. "वेडी आहेस का?"

"पण मग कशानं?"

हाच तर प्रश्न होता. मावशीच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. नवं फिनेल आणलं होतं, त्यानं तर नाही? पण तिचे स्वतःचे हात दिवसभर त्यात होते. टॉवेलाचा साबण? तिनं टॉवेल नाकाला लावून हुंगला, गालावर घासून पाहिला. काही नाही. उशीचा अभ्रा उलटा करून झटकला. आपल्याच घरात उतरली आणि आपल्याच घरात असं झालं, याची तिला चोरट्यासारखी शरम वाटत होती.

"काल दिवसभर काय काय केलंस ते सांग बरं मला. पहिल्यापासून."

"सकाळी सराव. मग जेवले. मग सर म्हणाले पुन्हा पड, मी बघतो. ते बघत असले की मी हलतेच. म्हणून मी पळाले तिथून."

"कुठे?"

"मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत. मागच्या दारानं, न्हाणीघरातून. तिथं दुपारी कुणी नसतं. बाकाच्या पलीकडे चटई टाकली आणि पडले. बंदूक बाहेर काढायला बंदी आहे ना, म्हणून रिकाम्या हातांनीच नेम धरला. अंगात ते जाड जाकीट होतं, कानांत बोळे." पोरीच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला. "मावशी, काल काय छान जमलं माहितीये! समोर कपाटाच्या दारावर एक ठिपका होता. बघतच राहिले त्याच्याकडे. श्वाससुद्धा ऐकू येईना. बाजूला तुझा तो माश्या मारायचा निळा दिवा होता, तो विझला तेव्हा कुठे भानावर आले. वाटलं कुणी येतंय, मग पळाले."

मावशीच्या हातातला अभ्रा हातातच राहिला.

संकुलात माश्या मारायचा दिवा नव्हताच. निळा दिवा होता तो लाजरीचा.

लाजरी म्हणजे जंतू मारायचं यंत्र. इतके खेळाडू त्याच खोल्यांत घाम टिपतात, कपडे बदलतात, म्हणून या स्पर्धेपुरतं भाड्यानं आणलेलं. चाकांवरचा माणसाएवढा उंच खांब, त्याला चहूबाजूंनी नळ्या. खोली रिकामी करायची, यंत्र मध्यभागी ठेवायचं, बाहेर येऊन दार लावायचं आणि रिमोटचं बटण दाबायचं. वीस मिनिटं निळा उजेड, की खोली स्वच्छ. त्या उजेडात माणसानं थांबायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, हे यंत्र आणून देणाऱ्यानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. प्रत्येक कोपरा फिरून बघा, दोन्ही दारांना कडी घाला, पाटी लावा, मगच चालू करा. पण त्या यंत्राला एक डोळाही होता. खोलीत जरा कुणी हललं, की दिवा बंद आणि केकाटायला सुरुवात. वाऱ्यानं पडदा हलला तरी बंद, पंखा राहिला तरी बंद. पहिल्या दिवशी तिच्या या नखऱ्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं. कुणी आलं की दिवा मालवून बसते, म्हणून तिचं नाव लाजरी.

ती चालू असताना आत माणूस? शक्यच नव्हतं. मावशीनं स्वतःलाच तीनतीनदा सांगितलं. पोरगी हलली असतीच, आणि लाजरी केकाटली असतीच. मग काल केकाटली का नाही?

"आलेच मी," एवढंच म्हणून ती निघाली. पायरीवर सर होते, त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही.

मुलांच्या कक्षाबाहेर संकुलाचा पाण्याचा पंप सांभाळणारे काका रिमोट हातात घेऊन उभे होते. तिच्या गैरहजेरीत तेच ते काम बघत. दाराला पाटी लावलेली होती.

"थांबा! दाबू नका."

"अहो, हाक मारली मी. कुणी नाही आत."

मावशीनं रिमोट त्यांच्या हातातून ओढून घेतला, दार उघडलं आणि आत शिरली. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. तिची पावलं उमटत गेली. कपाटांच्या मागे, बाकांच्या पलीकडे, न्हाणीघरात, सगळीकडे जाऊन तिनं बघितलं. कुणी नव्हतं. मागच्या दाराला कडी नव्हती.

"काय झालं काय?" काका दारातूनच ओरडले. "ओल्या फरशीवर चालायला तुम्हीच आम्हाला मनाई करता."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो तिथं. काल तिनं हेच केलं होतं. यंत्र मध्यभागी ठेवलं, फरशी पुसत पुसत मागे सरकत दारापर्यंत आली, आणि पाटी न् रिमोट आणायला भांडारात गेली. सगळा जन्म हीच तिची पद्धत, स्वतःच्या पुसलेल्या फरशीवर स्वतःचं पाऊल पडू द्यायचं नाही. परत आली तेव्हा दारातून "आहे का कुणी?" म्हणून खणखणीत हाक मारली. पण मागच्या दारापर्यंत कडी घालायला काही ती ओल्यावरून गेली नाही. जरूर काय? लाजरी आहेच की बघायला.

"काका, ही चालू असताना आत कुणी असलं तर?"

"ही चालूच राहायची नाही. हललं कुणी की बंद."

"आणि न हलणारं असलं तर?"

काका हसले. "न हलणारं जिवंत माणूस कुठं असतं, मावशी?"

तिला हसू आलं नाही. काल दार उघडलं तेव्हा खांबावर हिरवा दिवा होता. मध्ये खंड पडला तर लाल, वेळ पुरी झाली तर हिरवा. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि शहाणी गं बाई माझी, म्हणून यंत्राला थोपटलंही होतं. तिनं लाजरीची पिन उपसली, वायर गुंडाळून काखेत मारली आणि काकांना सांगितलं, "मी येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही."

परतीची वाट चांगली लांब होती आणि तिला ती पुरली नाही. गप्प बसता आलं असतं. पोरगी एकदोन दिवसांत बरी होणार, डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. कुणाला काही कळलं नसतं. फक्त पोरगी जन्मभर समजली असती, की आपण भ्यालो.

धाकटी खाटेपाशी परत येऊन बसली होती. सरांना मावशीनं बाहेरून दंडाला धरून आत आणलं. मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. फरशीचं, कडीचं, दारातून मारलेल्या हाकेचं. मध्ये कुठे थांबली नाही.

"काही मनाचं नाही आणि बिनाचं नाही. माझ्या दिव्यानं भाजलीय ती. मी आत जाऊन बघायला हवं होतं. डॉक्टरबाईंना सांगते, संकुलाच्या साहेबांना सांगते. काय करायचं ते करू देत माझं."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, तू? अगं, डोळे गेले असते पोरीचे!" आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला एकदम फुटलं. मावशी तिच्या जवळ जायला धजली नाही.

"नाही, पण हे कसं शक्य आहे?" सर गोंधळून म्हणाले. "ते यंत्र मी पाहिलंय. परवा मी नुसतं दार ढकललं, तर बोंबलायला लागलं. आत कुणी असेल, तर ते चालतच नाही."

"हललं कुणी, तर चालत नाही," मावशी म्हणाली.

रुमालाखाली भिंगरीचे ओठ जरासे उघडले.

"मावशी, मध्ये एकदाही बंद नाही पडलं?"

"नाही गं बाळा. नाही पडलं."

"किती वेळ असतं ते?"

"वीस मिनिटं. हिरवा दिवा मी बघितलाय."

पोरगी कोपरावर उठून बसली. डोळ्यांवरची घडी तिनं एका हातानं घट्ट धरून ठेवली होती आणि लाल, रापलेल्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"सर, ऐकलंत?" तिनं विचारलं.

विचारलं ते कपाटाकडे तोंड करून. सर दुसऱ्या अंगाला, दाराशी उभे होते. ते खाटेला वळसा घालून आले आणि कपाटाला पाठ लावून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"ऐकलं," ते म्हणाले.