रडक्या पोरांची खोली

शिंपीणबाईची लेक आठ महिन्यांची होती आणि गळा असा, की पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले रे मिटले की हिने चर्च डोक्यावर घेतलंच. लोक तिला लाडाने ‘भोंगा’ म्हणायचे. पुढे लाड आटला, नाव तेवढं राहिलं.

सासूबाई चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. नात रडली की त्यांचा सूर चुकायचा. शेवटी त्यांनीच मंडळींपुढे तोडगा काढला: मागची अडगळीची खोली लेकरांना द्यायची. सतरंज्या अंथरल्या, थंडीसाठी गॅसचा हीटर आणला. आवाज बाहेर येऊ नये म्हणून सासूबाईंनी दाराखिडक्यांच्या फटींत स्वतःच्या हाताने फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. लेकरांपाशी बसायला निवृत्त नर्समावशी तयार झाल्या.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. “बघ, प्रभूच्या घरात कशी शांतता हवी!” सासूबाई खूश होत्या. पोर मात्र घरी आल्यावर ओकली आणि संध्याकाळपर्यंत मलूल पडून राहिली.

“दूध जास्त झालं असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“मावशींचंही डोकं ठणकत होतं म्हणे.”

“इतकी पोरं सांभाळल्यावर कुणाचं नाही ठणकणार?”

शिंपीणबाईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्या रविवारी थंडी कडाक्याची होती. सुटलेल्या पट्ट्या सासूबाईंनी सकाळीच गोंद लावून पुन्हा चिकटवल्या आणि खोलीचं दार घट्ट लावून घेतलं गेलं. पहिलं गीत झालं तेव्हा मागून कुणाची तरी किरकिर पुसटशी ऐकू येत होती. पाळकसाहेबांचा संदेश सुरू झाला तशी ती थांबली. शिंपीणबाईने कान टवकारले. हसणं नाही, धडपडणं नाही. इतकी पोरं आणि एकालाही साधा खोकला येऊ नये?

ती उठू लागली तसा नवऱ्याने हात धरला. “बस ना. आत्ता कुठे जरा निवांत ऐकायला मिळतंय.”

“फार निवांत आहे,” ती म्हणाली आणि हात सोडवून निघाली. पेटीपाशी बसलेल्या सासूबाईंनी डोळे वटारले. आज पहिल्यांदाच तिने त्या डोळ्यांना भीक घातली नाही.

फोममुळे दार चौकटीत रुतून बसलं होतं. तिने खांदा लावला. दार उघडताच गरम, जड हवा तोंडावर आली. मावशी भिंतीला टेकून मान टाकून बसल्या होत्या. लेकरं सतरंजीवर जिथे खेळत होती तिथेच पडली होती. हीटरची ज्योत पिवळी, धुरकट जळत होती.

“अहो, धावा!” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

मग बाक पडले, माणसं धावली. नवऱ्याने खुर्ची घालून खिडकी फोडली. एकेक पोर उचलून अंगणातल्या गार वाऱ्यात आणलं. एक रडलं, मग दुसरं, आणि आयांच्या जिवात जीव आला. मावशींनी डोळे उघडले. शिंपीणबाईची लेक मात्र तिच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. ती लेकीच्या पाठीवर थापट्या मारत राहिली, “रड गं माझे आई, रड,” म्हणत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, “हीटर नीट जळत नव्हता आणि खोली बंद. अशाने विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. मागच्या रविवारीही थोडा भिनला असणार.” पोरीला प्राणवायू लावला. संध्याकाळी तिने डोळे उघडले, पण आईकडे बघितलं नाही, छताकडेच बघत राहिली.

“जीव वाचला. बाकीचं मोठी झाल्यावरच कळेल,” डॉक्टर म्हणाले.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. बोटांच्या टोकांना लागलेला फोमचा गोंद नखाने खरवडत होत्या. तो निघत नव्हता.

“मी घेऊ का तिला जरा? तू थकली असशील,” त्या हळूच म्हणाल्या.

सुनेने लेकीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

“नको,” ती म्हणाली. “आणि ते दार उघडं राहू द्या, आई.”