नानीबाईच्या पोरीचं रडणं

कमलीला रडता येत नव्हतं, आणि ती नानीबाईची पोर होती, म्हणून तांड्यात त्याचं एवढं नवल.

रडता न येण्यात काय मोठंसं, असं कोणी म्हणेल, तर त्याने बंजाऱ्यांचं लग्न पाहिलेलं नाही. मानोऱ्याकडच्या त्या तांड्यात पोर सासरी निघाली की नुसते डोळे पुसून भागत नसे. आईच्या गळ्यात हात टाकायचे, मग बापाच्या, भावाच्या, मावशीच्या. आणि ज्याच्या गळ्यात हात, त्याचंच नाव घेऊन सुरात रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. गाणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळलं, तर त्या पोरीला ढावलो आला नाही असं बायका घरी जाताना बोलत. म्हणून लग्न ठरलं की पोरी तो महिनाभर शिकायच्या, आणि शिकायच्या नानीबाईकडं. दुपारची भांडी झाली की तिच्या दारात रडण्याची शाळा भरे. "हुंदका आधी नाई वं, आधी सूर लाव," असं ती ओरडायची. पोरी मधेच फिदीफिदी हसत सुटायच्या, नानीबाई एकेकीच्या पाठीत धपाटा घालायची, आणि पुन्हा रडणं सुरू.

असल्या बाईची पोर कोरडी राहिली, त्याचं कारण तिचा बाप. भाऊसिंग पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने पडला होता. येताना पायही घेऊन आला आणि येशूलाही घेऊन आला. त्याच्याबरोबर दहा वर्षांच्या कमलीनेही बाप्तिस्मा घेतला. नानीबाई म्हणाली, "तुमी जा बापलेक. देवीपुढं कोनीतरी राह्यलं पाह्यजे." ती भांडली नाही. रविवारी दोघांना भाकरी बांधून द्यायची आणि आपण शेताला जायची.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि तिथून पाळक रामराव सायकलच्या मागे बाजाची पेटी बांधून दर रविवारी तांड्यावर यायचे. माणूस भला होता, घामाघूम होऊन यायचा, पण त्याच्या गाण्यांच्या चाली साहेबाच्या मुलखातून आलेल्या. उन्हाळ्यात कोट घालून बसल्यासारखं व्हायचं त्या म्हणताना. बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या आणि आमेन आलं की सुटल्यासारख्या उठायच्या. कमलीचा गळा गोड होता, तिला ते सोसेना. एक दिवस जात्यावर बसल्या बसल्या तिने हरवलेल्या मेंढराची गोष्ट लेंगीच्या चालीत बसवली. लेंगी म्हणजे होळीला डफावर म्हणतात ती. दोन दिवसांत तांड्यातल्या अर्ध्या बायका जात्यावर ते मेंढरू शोधू लागल्या.

रामराव आधी भडकले. "होळीच्या चालीवर प्रभूचं नाव? लाज नाही वाटत?" कमली खाली मान घालून उभी राहिली. पण पुढच्या रविवारी चटईवर बायका मावेनात. पाळक झाला तरी माणूसच, भरलेली चटई कोणाला नको असते? त्यांनी गुपचूप पेटीवर लेंगीचे सूर शोधले आणि "पुन्हा म्हण" म्हणाले. तिथून कमलीला तोंड फुटलं. पाणी भरताना गाणं, कापूस वेचताना गाणं, बापाच्या पायाला तेल चोळताना गाणं. सतरावं लागेपर्यंत तिची गाणी केनवडच्या बाजारापर्यंत पोचली होती, आणि ती कोणी केली हे गाणाऱ्यांना ठाऊकही नव्हतं.

मग रामराव एकदा म्हणाले, "कमल, मे महिन्यात वाशिमला मेळावा आहे. अकोल्याचे, बुलढाण्याचे लोक येतील. तू पुढं उभी राहून गाशील." झालं! त्या दिवसापासून पोरीचं कशात चित्त लागेना. त्याच दिवसांत तिचं लग्नही ठरलं, वाशिमच्या मिशन दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या रूपलाशी. खोटं कशाला सांगू, तिला लग्नापेक्षा मेळाव्याचीच जास्त घाई होती.

लग्न चैत्रातलं. रामरावांनी भाऊसिंगाला बजावून सांगितलं, दारू नाही, बैलावर उभं राहून नवरीचं गाणं नाही, आणि ढावलो तर मुळीच नाही. "आपण मेलेल्या माणसामागंही आशा धरतो भाऊसिंग. आणि लग्नात मुलगी गळे काढणार? जी उद्या मेळाव्यात पुढं उभी राहायची, ती?" भाऊसिंगाने मान डोलावली. कमलीनेही डोलावली.

नानीबाई चुलीपुढं बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि भाकरी परतली.

त्या महिन्यात तिच्या दारात कोणी पोर आली नाही, कारण दुसरं लग्नच नव्हतं तांड्यात. तरी दुपारी भांडी झाली की ती दाराशी येऊन बसायची. आपण बोलावणार नाही, पोरीने आपणहोऊन यावं, असं तिच्या मनात होतं. कमली आतून बघायची. तिलाही कळत होतं. पण गेलं, बसलं, आणि रामरावांना समजलं तर? मेळावा हातचा जायचा. ती उगाच मडकी हलवत बसायची, आणि तिला स्वतःचा रागही यायचा.

शेवटी नानीबाईच बोलली. "सगळ्या तांड्याच्या पोरी म्या रडवल्या. लोकं इचारतीन ना, नानीबाई, तुही पोर काहून मुक्यानं गेली?"

"पाळक नाई म्हनते, याडी," कमली म्हणाली. याडी म्हणजे आई.

"पाळकाच्या पोटातून आली का तू?"

कमलीचं डोकं गाण्यातच चालायचं, तिने गाण्यातच वाट काढली. ढावलो पाहिजे तर ढावलोच, पण शब्द प्रभूचे. आईलाही सूर मिळेल आणि पाळकालाही देव मिळेल. चार दिवस ती विहिरीवर, शेतात तेच गुणगुणत होती. रामरावांना तिने ते म्हणून दाखवलं:

"येशूबाबा, तुहं बोट धरून चालली मी परक्या गावा,
तुह्या छातीशी घेजो मले, तूच माही आई, तूच माहा बा."

रामरावांचे डोळे भरून आले. "हेच," ते म्हणाले, "हेच गायचं मेळाव्यात. आणि लग्नातही गा." कमली घरी आली ती उड्या मारत. दोन्ही घरं राखली, असं तिला वाटलं.

लग्न लिंबाखाली झालं. पाळकाच्या बायकोने दिलेलं पांढरं लुगडं कमलीने नेसलं होतं. नानीबाईने ते पाहिलं मात्र, "पांढरं नेसून कोनी सासरी जाते का?" एवढं म्हणाली आणि घरात जाऊन आपली आरशांची ओढणी, केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या, सगळं अंगावर चढवून आली. एकीने तरी लग्नासारखं दिसावं. प्रार्थना झाली, शपथा झाल्या, जेवणं उठली. पोहरादेवीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्या वाटेवर थांबवून लोक हे बिनावाजंत्रीचं लग्न बघत उभे होते.

निघायची वेळ आली. नानीबाई पुढं झाली आणि उभी राहिली. कमलीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला.

सूर असा लागला की चुलींपाशी बसलेल्या म्हाताऱ्या उठून आल्या. नानीबाईचाच सूर तो, तिच्या दारातून आठ-दहा वर्षं ऐकलेला. न शिकता आला होता. नानीबाईने डोळे मिटून पोरीला घट्ट धरलं. तिच्या चांदीच्या घुगऱ्या हलायला लागल्या. मग शब्द आले. येशूबाबा. तुहं बोट. तूच माही आई.

नानीबाईने डोळे उघडले. पहिल्यांदा तिला वाटलं, पुढं आपलं नाव येईल. दुसऱ्यांदा तीच ओळ आली. तिने गळ्यातले हात सोडवले, एक, मग दुसरा.

"कोनाले रडून राह्यली तू?" तिने विचारलं. आवाज चढा नव्हता. "तो तं तुह्या संगच येऊन राह्यला ना वं वाशिमले? त्याले कायले रडतं? सोडून मले चालली तू."

आणि ती घराकडं निघून गेली. बापाच्या, मावशीच्या गळ्यात पडायचं राहूनच गेलं. रामरावांनी घाईघाईने आशीर्वाद म्हटला, भाऊसिंगाने लेकीला बैलांच्या धमणीत बसवलं, आणि गाडी हलली.

वऱ्हाडी मंडळींना गाणं फार आवडलं होतं. रामराव सायकल हातात धरून गाडीशेजारून चालत होते आणि तीच चाल गुणगुणत होते. रूपला लाजत म्हणाला, "मस्त गायली." कमलीला मात्र मानेजवळ कोणी काही काढून घेतल्यासारखं वाटत होतं. तिने एवढी गाणी केली. मेंढराचं केलं, मासे धरणाऱ्यांचं केलं, कधी न पाहिलेल्या गावांचं केलं. आईचं एकही केलं नव्हतं. ज्या बाईच्या सुरावर हे सगळं चाललं होतं, तिला एक शब्द दिला नव्हता. हे तिला आत्ता कळलं, नाल्याच्या उतारावर.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काहून? तहान लागली का?" रूपलाने विचारलं.

ती उतरलीच. निघालेली नवरी मागं फिरत नसते, कोणाच्याच धर्मात फिरत नसते, हे तिलाही माहीत होतं. पांढरं लुगडं धुळीत ओढत ती तांड्याकडं चालू लागली. मागून रूपला, रामराव, अर्धं वऱ्हाड.

नानीबाई दारात बसली होती, दुपारी बसायची तशीच. डोळे कोरडे होते.

"मले शिकव," कमली म्हणाली.

"आता?"

"आता शिकव, याडी. नाईतर मी जात नाई."

नानीबाई सरकली आणि शेजारी जागा केली. कमली बसली, तिने आईच्या गळ्यात हात टाकले. नानीबाईने पोरीची ओळ स्वतःच धरली, स्वतःलाच उद्देशून: याडी, तुह्या दाराची माती आता कोन सारवीन. कमलीने ती तिच्यामागं म्हटली. याडी, तुह्या डोक्यावरचा हंडा आता कोन उतरवीन. तीही म्हटली. "इथं दम तोडू नोको," नानीबाई सवयीने म्हणाली आणि पुढची ओळ दिली. आई स्वतःच्या निरोपाचं रडणं पोरीला ओळीओळीने शिकवत होती, पोर ते तिच्याच खांद्यावर रडत होती, आणि तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"कमल, ऊठ," रामराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "असं ठरलं नव्हतं आपलं." ती उठली नाही. "मग मेळाव्याचं मला पुन्हा ठरवावं लागेल. मिशनच्या साहेबांना काय सांगू मी?"

कमलीने ऐकलं. हात थोडे सैल झाले, तेही नानीबाईला कळलं. तिने ओळ देणं थांबवलं आणि वाट पाहिली. कमलीने हात पुन्हा घट्ट केले.

"याच्या पुढं मी कोनालेच शिकवत नाई," नानीबाई हळूच म्हणाली. "शेवटची ओळ ज्याची त्यानंच करा लागते."

कमलीला हुंदके येत होते, शब्द येत नव्हता. सगळा तांडा ताटकळला. मग शब्द आला, कसाबसा, सुरात आणि सुराबाहेर:

"याडी, तुनं मले गळा देल्ला वं,
अन् मी तुलेच हाक माराची राह्यली."

नानीबाईच्या तोंडून जे निघालं त्याला सूर नव्हता. साऱ्या तांड्याला रडायला शिकवणारी बाई ओबडधोबड, पोरासारखी रडली, आणि तिला कोणी आवरलं नाही. बऱ्याच वेळाने तिनेच कमलीला उठवलं, लुगड्याची धूळ झटकली आणि नाल्यापर्यंत सोबत आली.

मे महिन्यात वाशिमला मेळावा झाला. मंडप मोठा होता, लोक दूरदूरचे होते. रामरावांनी पेटी धरली आणि मिशनच्या शाळेतल्या मास्तरांच्या शिकलेल्या मुलीने पुढं उभं राहून येशूबाबाचं गाणं म्हटलं. छान म्हटलं, लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. कमली मागं बायकांच्या चटईवर बसली होती. तिला वाईट वाटलं नाही असं कोणी समजू नये. शिवाय मुलगी प्रत्येक वेळी एकाच जागी चुकत होती ते तिला सहन होत नव्हतं.

मंडप सुटल्यावर रूपला तिला शोधत आला. त्याला राग आला होता, तिच्या वतीने. "तुहं गानं हाये ना हे? सांगू का मी लोकाइले?"

"नोको," कमली म्हणाली. "माहं दुसरं हाये."